टाहोचा बेत आणि बाबांच्या गोळ्या



थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतली पावभाजी पचते न पचते तोच बे एरियातल्या यच्चयावत मराठी घरांत एक प्रश्न डोकं वर काढतो: यंदा बर्फात कधी जायचं? पोरांना शाळेत कुणीतरी स्कीइंगच्या गोष्टी सांगितलेल्या असतात, ऑफिसातला एखादा महाभाग सोमवारी सकाळी काळवंडलेल्या नाकाने मीटिंगला येतो, आणि आपल्याला वाटतं, आपणच तेवढे मागे राहिलो.

मागच्या खेपेला या सदरात मी आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्सबद्दल लिहिलं होतं. ते वाचून दोघातिघांनी विचारलं की आईवडील आलेले आहेत, तर त्यांना टाहोला नेऊ का? आणि नेलं तर काय काय तयारी करू? उत्तर द्यायला मी लायक माणूस आहे. कारण मी हे एकदा केलेलं आहे, आणि फार वाईट केलेलं आहे. यंदा आई-बाबा पुन्हा येताहेत आणि पुन्हा बेत चाललाय. तर आधी मागची कबुली देतो, मग यंदाचा बेत सांगतो.

२०२३ चा हिवाळा ज्यांनी इथे काढला त्यांना वेगळं सांगायला नको. डॉनर समिटजवळ सोडा स्प्रिंग्जला बर्कली विद्यापीठाची हिम-प्रयोगशाळा आहे. तिथे त्या मोसमात ७५४ इंच बर्फ मोजला गेला. म्हणजे जवळजवळ त्रेसष्ट फूट. आपल्या सहा मजली सोसायटीच्या गच्चीपर्यंत! याहून जास्त बर्फ त्यांच्या नोंदींत फक्त १९५१-५२ च्या हिवाळ्यात आहे. त्या मोसमात, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, अस्मादिकांनी ट्रकीजवळ एक केबिन घेतली होती. शुक्रवारी जायचं, सोमवारची रजा टाकायची, सोमवारी दुपारी परत.

मी पडलो इंजिनियर. एक्सेलमध्ये बेचाळीस ओळींचा बेत होता. कोण कुठे बसणार, कुठे चहा घ्यायचा, कुठल्या डब्यात थालीपीठ, सगळं. केबिनचं भाडं तीन रात्रींचं बाराशे डॉलर, आगाऊ भरलेलं, आणि 'रद्द केल्यास परतावा नाही' अशी अट. गुरुवारी संध्याकाळी हवामानखात्याने वादळाचा इशारा दिला. मी मालकाला फोन केला. तो म्हणाला, अट अट आहे. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर करवादलो, "आता नाही गेलो तर बाराशे डॉलर पाण्यात!"

ही एकच ओळ एक्सेलमध्ये नव्हती, आणि सगळा घोटाळा तिनेच केला. पण ते मला नंतर कळलं.

बाबांना आदल्या वर्षी, २०२२ च्या जुलैत, पुण्यात एक स्टेंट बसवला होता. रोज सकाळी एक मुख्य गोळी, बाकी दोन-तीन लहानसहान. निघताना बाबांनी विचारलं, "किती दिवसांच्या घेऊ रे?" मी मोबाइलमधून डोकं न काढता म्हटलं, "शनिवार, रविवार, सोमवार. एक जास्तीची घ्या." बाबांनी मोजून चार गोळ्या घेतल्या. रेल्वेत अडतीस वर्षं काढलेला माणूस. सांगितलं तेवढं, तंतोतंत.

जाताना वेळ लागला पण पोचलो. शनिवार-रविवार मजा आली. आईने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलली, "अगंबाई, हा तर आपल्या फ्रीजमधल्यासारखाच आहे." चिरंजीव घसरगुंडीवरून उतरायला तयार नव्हते. आणि सोमवारी सकाळी आय-८० बंद. मंगळवारी बंद. मधेच थोडा वेळ उघडायचा, आम्ही बॅगा भरायचो, पुन्हा बंद.

बुधवारी सकाळी आमच्या सौ. पाणी प्यायला उठल्या तर बाबा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे, दिवा न लावता. हातात भाजी चिरायची सुरी. पाटावर गोळीचा अर्धा तुकडा. शेवटची गोळी त्यांनी मंगळवारी अर्धी केली होती आणि उरलेली अर्धी बुधवारसाठी जपून ठेवली होती. आता तिचेही दोन भाग करता येतात का ते बघत होते.

सौ.नी मला उठवलं. मी बाबांवर ओरडलो. म्हणजे आधी ओरडलो, आणि मग विचारलं की सांगितलं का नाही. ते अगदी शांतपणे म्हणाले, "अरे, गोळ्या कमी पडणार हे मला रविवारीच टीव्हीवर वादळ बघून कळलं होतं. सांगितलं असतं तर तू लगेच निघाला असतास. एक रात्र फुकट गेली असती. बाराशे डॉलर म्हणजे लाखभर रुपये होतात बाबा."

मंडळी, याच्यावर काय बोलणार?

पुढची गोष्ट थोडक्यात. मी आणि बाबा गुडघाभर बर्फातून अर्धा मैल चालत गावातल्या अर्जंट केअरला गेलो. भारतातलं प्रिस्क्रिप्शन इथल्या फार्मसीत चालत नाही, इथल्या डॉक्टरने नव्याने लिहून द्यावं लागतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना आमच्या गोळीचं नाव कळेना, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरांत भारतातलं कंपनीचं नाव. शेवटी पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव सापडलं: क्लोपिडोग्रेल ७५ आणि ॲस्पिरिन ७५, एकाच गोळीत. अशी जोडगोळी इथे मिळत नाही. त्यांनी क्लोपिडोग्रेल वेगळं लिहून दिलं आणि ॲस्पिरिन दुकानात नुसतंच मिळतं ते ८१ मिलिग्रॅमचं घ्यायला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की स्टेंट बसवून वर्षही झालेलं नाही, अशा वेळी ही गोळी चुकली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ती झाली तर हार्ट अटॅक. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या. मला त्या वेळी कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी घरी पोचलो. बाबांना काही झालं नाही. पण पुढे कित्येक दिवस मला ती सुरी दिसत होती.

असो. आता यंदाचं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पोचतील. फोनवर बाबांनी आधीच सांगून टाकलं, "यंदा तुम्ही बर्फात जा, मी घरी थांबतो. मी पाहिलाय एकदा." आई मागून म्हणाली, "मग मीही थांबते." म्हणजे झाला बेत! मी म्हटलं, ठीक आहे, आपण चौघं-पाच जण कुठे बीचवर जाऊ. तेव्हा सौ. म्हणाल्या, "मागच्या वेळी तू हॉटेलपासून सुरुवात केलीस आणि माणसं त्यात बसवलीस. या वेळी बाबांपासून सुरुवात कर आणि बाकीचं त्यात बसव. जमलं तर जाऊ." नवी एक्सेल उघडली. पहिली ओळ: बाबा.

उंची किती?

पहिला प्रश्न पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारला. फोनवर त्यांना हवे होते ते आकडे असे. टाहो तळ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२२५ फुटांवर म्हणजे १,८९७ मीटरवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यांत उंच टोकावर उभं राहिलात तरी टाहोचं पाणी तुमच्या डोक्यावर अडीचशे मीटर! ट्रकी गाव थोडं खाली, ५,८०० फुटांच्या आसपास, तेही कळसूबाईच्या वरच. हे मला स्वतःला माहीत नव्हतं. मी आपला टाहो म्हणजे इथलं महाबळेश्वर समजत होतो.

डॉक्टर म्हणाले की तब्येत स्थिर आहे, नुकतीच तपासणीही झाली आहे, तेव्हा एवढ्या उंचीला हरकत नाही. पहिला दिवस आराम, पाणी भरपूर, जेवण हलकं, आणि थंडीत चढावर चालणं किंवा फावड्याने बर्फ उपसणं अजिबात नाही. त्याहून वर मात्र नको. म्हणजे साउथ लेक टाहोची हेवनलीची गोंडोला बाद, कारण तिचा निरीक्षणाचा सज्जा ९,१२३ फुटांवर आहे आणि खालून वर नेऊन ठेवते काही मिनिटांत. आणि कोलोरॅडोतल्या मित्राचं ब्रेकेनरिजचं आमंत्रणही बाद, कारण तिथे गावच ९,६०० फुटांवर आहे. तुमच्याकडे वडीलधारे असतील तर हा फोन तुम्ही स्वतः करा, माझ्या डॉक्टरांचं उत्तर तुम्हाला चालणार नाही.

औषधं

जितके दिवस जायचं त्याच्यावर दहा दिवसांच्या गोळ्या. दोन ठिकाणी: अर्ध्या बाबांच्या खिशातल्या डबीत, अर्ध्या सौ.च्या पर्समध्ये. मोठ्या बॅगेत एकही नाही. प्रत्येक गोळीचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम एका कागदावर, रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, आणि त्याचा फोटो सगळ्यांच्या फोनवर. विमा कंपनीचा फोन नंबर त्याच कागदावर. जुन्या आजाराचा खर्च पुष्कळशा व्हिजिटर पॉलिसींत बसत नाही हे मागच्या वेळी सांगितलंच आहे, तेव्हा अर्जंट केअरचं बिल खिशातून जाईल हे धरूनच चालायचं.

रस्ता

बे एरियातून टाहोला दोन मुख्य वाटा. उत्तरेकडच्या भागाला, म्हणजे ट्रकी वगैरेला, आय-८०, डॉनर समिटवरून, ७,२३९ फूट. दक्षिणेकडच्या गावाला हायवे ५०, एको समिटवरून, ७,३८२ फूट. कोरड्या दिवशी चार तास. बर्फात आठ, दहा, किंवा मुळीच नाही.

नव्या मंडळींसाठी साखळ्यांचे नियम. हायवेवर पाट्या लागतात. आर-१ म्हणजे टायरला साखळ्या लावा, किंवा बर्फाचे टायर हवेत. आर-२ म्हणजे सगळ्यांना साखळ्या, फक्त फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह असेल आणि चारी टायर बर्फाचे असतील तर सूट, पण साखळ्या गाडीत पाहिजेतच. आर-३ म्हणजे सगळ्यांना, सूट नाही. पण आर-३ ची पाळी येण्याआधी बहुतेक वेळा रस्ताच बंद करतात. साखळ्या लावल्यावर ताशी पंचवीस-तीस मैलांच्या वर जायचं नाही.

साखळ्या घरी गराजमध्ये एकदा लावून बघा. मी पहिल्यांदा लावल्या त्या यूबा गॅपला, हायवेच्या कडेला, चिखलात गुडघे टेकून, आणि मागच्या चाकांना. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह! रस्त्याच्या कडेला पिवळ्या कोटातले परवानाधारक लोक पैसे घेऊन लावून देतात. ते कॅलट्रान्सचे नोकर नसतात. त्यांचा बिल्ला नंबर पावतीवर लिहून घ्यायचा. साखळ्या विकायची मात्र त्यांना परवानगी नाही, त्या आपल्याच हव्यात. आणि भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा. पुष्कळ कंपन्या साखळ्या लावायला मनाईच करतात.

निघण्याआधी कॅलट्रान्सचं क्विकमॅप बघायचं, निघाल्यावर शेजारच्या सीटवरच्याने बघत राहायचं. आणि फोनवरच्या नकाशाने 'इकडून चाळीस मिनिटं वाचतील' असं सांगत एखादा डोंगरातला छोटा रस्ता दाखवला तर त्याचं ऐकायचं नाही. हायवेवर निदान नांगर फिरतो आणि माणसं असतात. डॉनर हे नाव कुठून आलं ठाऊक आहे ना? १८४६ मध्ये सत्त्याऐंशी जणांचा एक तांडा कॅलिफोर्नियाला निघाला होता. कुणीतरी सांगितलेल्या 'जवळच्या वाटेने' गेले, त्यात आठवडेच्या आठवडे गेले, आणि ऑक्टोबर संपता संपता या खिंडीखाली पोचले तर बर्फ पडायला लागलेला. अख्खा हिवाळा अडकले. जवळजवळ निम्मे दगावले, आणि जगले त्यांतल्या काहींना मेलेल्यांचं मांस खावं लागलं. ट्रकीजवळ त्यांचं स्मारक आहे. पुतळ्याखालचा चौथरा बावीस फूट उंच आहे, त्या साली बर्फ तेवढा होता म्हणून. मागच्या वेळी त्याच्यासमोर उभं राहून आम्ही हसत फोटो काढला होता.

गाडीत असाव्यात अशा वस्तू: टाकी निम्म्याच्या खाली कधीच नाही, पांघरुणं, टॉर्च, छोटं फावडं, पाणी, न गोठणारं काच धुण्याचं पाणी, थर्मासमध्ये चहा, आणि डबाभर चिवडा. अडकून पडलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवणार असाल तर आधी उतरून मागचा धुराचा पाइप बर्फाने बुजलेला नाही ना ते बघा. बुजला तर विषारी वायू आत येतो आणि कळतही नाही.

गाडी, म्हणजे आगगाडी

पण मुद्दा बाबांचा होता. आठ तास रस्त्यावर, ब्रेकवर पाय, आणि बाथरूम कुठे ते माहीत नाही, हे पासष्टी उलटलेल्या माणसाला कशाला? इथे एक्सेल अडली. दोन रात्री अडली. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात डबा खाताना आठवलं की ट्रकीला रेल्वे स्टेशन आहे.

ॲमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफर. सकाळी साडेआठच्या सुमारास एमरीव्हिलहून निघते, सॅक्रामेंटो, कोलफॅक्स करत सिएरा चढते आणि दुपारी ट्रकीला. दिवसाला एकच गाडी. ट्रकीचं स्टेशन गावाच्या मुख्य रस्त्यावरच. गावात टार्ट नावाची बस आहे, तिला तिकीट नाही, आणि ती स्कीच्या ठिकाणांपर्यंत नेते. म्हणजे साखळ्या नकोत, पार्किंग नको. येताना मात्र गाडी शिकागोहून दोन रात्री प्रवास करून येते, त्यामुळे तिच्या वेळेवर फार भरवसा ठेवायचा नाही.

बाबांना फोन करून हे सांगितलं तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता. बाबा मध्य रेल्वेत सिग्नल खात्यात होते, निम्मी नोकरी कर्जत-लोणावळ्यात. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू. चढ किती आहे? मागून बँकर लावतात का? बोगदे किती? बर्फ पडल्यावर सांधे कसे बदलतात? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच बघून मला सांगा. मी वाचून एवढंच सांगू शकलो की आपल्या भोर घाटातून गाडी १८६३ साली सुरू झाली आणि सिएराच्या माथ्यावरून १८६८ मध्ये, म्हणजे पाच वर्षांचा फरक. इथले बोगदे चिनी मजुरांनी खोदले, कडक कातळात, ऐन हिवाळ्यात, बर्फाखाली भुयारं करून राहून. बाबा म्हणाले, "भोर घाटातही कमी माणसं मेली नाहीत." आणि मग, "खिडकी कुठल्या बाजूची घेतोयस?"

'मी घरी थांबतो' हा विषय तिथेच संपला.

गाडी अडकत नाही असं नाही बरं का. १९५२ च्या जानेवारीत 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' नावाची गाडी याच घाटात यूबा गॅपजवळ बर्फात रुतली. सव्वादोनशेच्या आसपास माणसं, तीन दिवस. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. हेही मी बाबांना सांगितलं, कारण या वेळी लपवाछपवी दोन्हीकडून बंद. बाबा म्हणाले, "गाडीत संडास असतो. तुझ्या होंडात असतो का?"

बर्फात करायचं काय?

सगळ्यांनी स्की केलंच पाहिजे असं काही नाही. चिरंजिवांना अर्धा दिवस स्की-शाळेत घालणार आहोत. या शाळांच्या जागा सुट्ट्यांच्या दिवसांत आधीच भरतात, तेव्हा लवकर नाव घालायचं. तिकिटाचं म्हणाल तर मोठ्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी खिडकीवर एका माणसाला दोनशे डॉलरच्या वर जातात. आधी ऑनलाइन काढलं तर बरंच स्वस्त. ज्यांना मोसमात चार-पाचदा जायचंय त्यांनी पासचा हिशोब करावा. नॉर्थस्टार, हेवनली, कर्कवुड एका पासवर चालतात, पॅलिसेड्स टाहो दुसऱ्या. (पॅलिसेड्स म्हणजे १९६० चं हिवाळी ऑलिंपिक जिथे झालं तेच. नाव २०२१ मध्ये बदललं.) मार्टिन ल्यूथर किंग आणि प्रेसिडेंट्स डे हे दोन लाँग वीकएंड टाळा. त्या दिवसांत स्की कमी आणि आय-८० जास्त बघायला मिळतो. आम्ही जानेवारीतला मधला आठवडा धरलाय, मंगळवार ते शुक्रवार.

ज्यांना नुसतं बर्फात खेळायचंय त्यांच्यासाठी राज्य सरकारच्या स्नो-पार्क नावाच्या जागा आहेत, डॉनर समिट, यूबा गॅप, तळ्याच्या दक्षिणेला टेलर क्रीक. गाडी लावायला परवाना लागतो, तो घरूनच घेऊन जा. हायवेच्या कडेला गाडी उभी करून पोरांना घसरगुंडीला सोडणारे आपले देशबांधव दर वर्षी दिसतात. कृपा करून ते करू नका. नांगर येतो तेव्हा त्याला पोरगं दिसत नाही.

कपड्यांचं एकच सांगतो: अंगालगत सुती काही नको. जीन्स तर नकोच. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते. आत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट. माकडटोपी चालते, उत्तम चालते. चिरंजिवांना आजोबांच्या माकडटोपीची मागच्या वेळी लाज वाटली होती. दुसऱ्या दिवशी तीच त्यांच्या डोक्यावर होती. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून परतलेलं ऊन दुप्पट भाजतं. आणि वयस्कर माणसांना बर्फापेक्षा भीती असते ती पार्किंगमधल्या पारदर्शक बर्फाची, जो ओल्या डांबरासारखा दिसतो. बुटांना खालून चढवायच्या रबरी जाळ्या मिळतात, त्यांना बारीक खिळे असतात. आई-बाबांसाठी दोन जोड घेतलेत.

शेवटची ओळ

मागच्या एक्सेलमध्ये 'परत कधी' या रकान्यात एकच तारीख होती. यंदा तीन आहेत: ठरलेली, दोन दिवस लांबलेली, आणि मुळात न गेलेली. तिन्हींसाठी औषधं, रजा आणि पैसे बसतात का ते आधी बघितलं. खोली घेतली ती आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द होणारी. रात्रीला पंचेचाळीस डॉलर महाग पडली. तीन रात्रींचे एकशे पस्तीस. सौ.नी त्या ओळीपुढे लिहून ठेवलंय: 'बाबांची सुरी'. आणि घरात एक नियम केलाय की बेतात किती पैसे अडकलेत ते आई-बाबांसमोर बोलायचं नाही. मी करवादलोच तर सौ. खोकणार आहेत.

काल रात्री बाबांनी फोनवर फोटो पाठवला. वहीचा कागद, रेल्वेतल्या सवयीने पट्टी धरून ओढलेल्या रेघा. एका बाजूला गोळ्यांची नावं रोमन लिपीत, मिलिग्रॅमसकट. पुढे 'जाण्याचे दिवस ४, जास्तीचे १०, एकूण १४'. खाली सही आणि तारीख. आणि त्याच्याही खाली पेन्सिलीने: 'खिडकी डावीकडची का उजवीकडची ते कळवणे.'

ते मलाही माहीत नाही. डॉनर तळं चढताना कुठल्या बाजूला दिसतं हे ज्यांनी या गाडीने प्रवास केलाय त्यांनी कृपया कळवावं. वडील रोज विचारताहेत.

तूर्तास इतकंच. परत आल्यावर, किंवा न गेलो तर तसंही, लिहीनच.

कळावे, लोभ असावा.